बोडीत जीव कुठून येतो

बाळांनो,

मागे फोनवर तुमच्यातल्या मोठीने मला विचारलं होतं, जग देवाने केलं की आपोआप झालं, आणि आजी, तू कोणत्या बाजूची? तुमच्या शाळेत त्यावर वादविवाद होता. धाकट्याने देवाची बाजू घेतल्यामुळे जेवताना रोज भांडण होतं, असं तुमची आई मागून सांगत होती. मी म्हटलं, लिहून पाठवते. तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. आता पट्टी निघाली, नवा चष्मा आला, आणि अक्षरं पुन्हा आपापल्या ओळीत उभी राहू लागली आहेत. तुमचा वादविवाद एव्हाना होऊनही गेला असेल. तरी लिहिते, कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा निघाला होता आणि तुमच्या आईचं पुढचं शिक्षण त्याच्यावर अडलं होतं. तिने तुम्हाला ही गोष्ट सांगितली असेल तर हसण्यापुरतीच सांगितली असेल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड नव्हतं. माझं शिक्षण नागपूरला इंग्रजीतूनच झालं. पण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ती माणसं माझ्याशी इथल्या बोलीत बोलली. त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ती मला परकी वाटतात. जिथे अडेल तिथे आईला विचारा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन एकोडीला आले. धानाची शेती, मातीच्या भिंतींचं कौलारू घर, पुढे लांब ओसरी. तुमचे आजोबा साकोलीला एका कचेरीत होते. मी बी. एस्सी. झालेली होते आणि साकोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवं होतं. गावातल्या सुना तेव्हा नोकरी करत नसत. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे तुमच्या पणजोबांना, लोकांनी विचारलं की सून मोटारीनं रोज साकोलीले जाते, हे बरं दिसते का. ते म्हणाले, "ते चुलीपाशी बसली तं एकाच घरचं भलं होते. शाळेत गेली तं चार घरचं होईन." तेवढ्यावर तो विषय संपला. मला कुणाकडे काही मागावं लागलं नाही. आज मागे वळून पाहते तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं दान तेच होतं असं वाटतं.

तुमचे पणजोबा देवभोळे नव्हते, देवाचे होते. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी तेच वाचत. संध्याकाळी दिवा लागला की ओसरीत बसत आणि मी हातपाय धुऊन आले की विचारत, "सूनबाई, आज काय शिकवलं?" विचारायचं म्हणून विचारत नसत. ऐकत. एकदा मी सांगितलं की आज पृथ्वीचा जन्म शिकवला. आधी सगळं तापलेलं होतं, मग निवलं, मग फार काळ पाऊस पडत राहिला, समुद्र झाले आणि त्या पाण्यात पहिला जीव झाला.

"म्हंजे आधी पानी," ते म्हणाले.

"हो, मामाजी."

"आमच्या पोथीतही आधी पानीच आहे. मंग पोट्ट्यायले दोन दोन पुस्तकं काहून वाचाले लावता?"

तुमची पणजी आतून म्हणाली की दोन पुस्तकं असल्याशिवाय तुम्हा दोघांना भांडता कसं येईल. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आमचा वाद कुठे गरम होतो आणि नेमकं कोणत्या क्षणी चहा आणायचा, हे तिच्याइतकं कोणाला कळत नसे.

तर अशा घरात तुमची आई वाढली. पणजोबांना ती आबाजी म्हणायची. सकाळी त्यांच्यासोबत फुलं तोडायची, संध्याकाळी माझ्याकडून गणित शिकायची, आणि दोन्हीकडे सारखीच आवडती होती. दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तिला दोन्हीकडून ओढ बसली. तिला विज्ञान घ्यायचं होतं. त्यासाठी भंडाऱ्याला जावं लागणार होतं. माझी मोठी बहीण शहापूरला दिलेली होती. तिच्याकडे राहून तिथून बसने रोज भंडाऱ्याला जाता आलं असतं. मी बहिणीशी बोलूनही ठेवलं होतं. पण पणजोबांनी नाही म्हटलं.

त्यांचं कारण मुलीची जात असं नव्हतं, हे तुम्ही नीट समजून घ्या. त्यांचा एक पुतण्या शिकायला नागपूरला गेला होता. तो परत आला तो वेगळाच होऊन. घरातला दिवा, नैवेद्य, सगळ्याची टिंगल करायचा, वडिलांना वादात हरवून हसायचा. आणि त्याचे वडील, म्हणजे पणजोबांचे सख्खे भाऊ, वारले तेव्हा त्याने क्रियाकर्माला बसायला नकार दिला. ते काम पणजोबांनीच केलं. त्यांच्या मनात तेव्हापासून एक भीती घर करून होती. सायन्स शिकलेलं लेकरू घरचं राहत नाही. सून शिकून आलेली होती, ती चालली. पण आपली नात शिकायला पाठवायची आणि परकी होऊन यायची, हे त्यांना सोसणार नव्हतं. तुमचे आजोबा वडिलांपुढे बोलत नसत. मी एकदा मामाजींशी बोलले, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले.

तुमची आई थांबली नाही. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायला खोदलेलं लहान तळं. उन्हाळ्यात ती कोरडी पडायची, तळाची माती तडकून तिच्या वड्या व्हायच्या. लोक तिथला गाळ बैलगाडीने शेतात नेत. आणि पाऊस पडून पाणी साचलं की थोड्याच दिवसांत त्यात किडे, गोगलगायी, मासोळ्या, सगळं हजर. पणजोबा म्हणायचे, पाणी पडलं की देव त्यात जीव टाकतो, दरसाल नवा. जग जसं पहिल्यांदा केलं तसंच तो दरवर्षी आमच्या बोडीत करून दाखवतो. हे ते श्रावणात पोथी वाचतानाही सांगत आणि लोकांना पटे, कारण प्रत्येकाने ती कोरडी बोडी आणि ती भरलेली बोडी डोळ्यांनी पाहिलेली असे.

आबाजींनी नाही म्हटलं त्याच दिवशी तुमची आई म्हणाली, "आबाजी, देव दरसाल नाही टाकत. मागच्या साली जे होते त्यायचे अंडे मातीत राह्यतात. मासोळ्या तं वरच्या नाल्यातून पोहून येतात."

"तुले कोनं सांगतलं? तुह्या मायनं?"

"मी दाखवून देईन."

ते हसले. मग म्हणाले, "दाखव. पटलं तं जाजो शहापूरले. पन नाई पटलं, तं मंग इथंच साकोलीले जे मिळते ते शिकजो, अन् रडजो नको."

मी मनातून घाबरले. लेकीने आपलं पुढचं सगळं एका पैजेवर लावलं होतं. पण शब्द दोघांचाही गेला होता.

तिने बोडीच्या तळाची माती आणली. अर्धी तशीच एका मडक्यात ठेवली. अर्धी लोखंडी कढईत चुलीवर खरपूस भाजली, म्हणजे अंडी असतील तर मरावीत. पणजी दिवसभर कुरकुरली की पोहे भाजायच्या कढईत पोट्टी माती भाजून राहिली, उद्या गोट्यांची भाजी करेल. विहिरीचं पाणी उकळून, निववून तिने दोन्ही मडक्यांत घातलं, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि दोन्ही ओसरीच्या सावलीच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवली. कोणी हात लावायचा नाही, असं घरभर सांगून झालं. जीव देवच टाकत असेल तर भाजलेल्या मातीतही टाकील, हे पणजोबांना मान्य होतं. तेच तर त्यांचं म्हणणं होतं.

न भाजलेली माती होती त्या मडक्यात लवकरच हालचाल दिसली. काडीपेटीच्या गुलाएवढे किडे, पाठीवर उलटे पोहणारे. तुमच्या आईने आबाजींना हात धरून आणलं. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या मडक्यात पाणी नितळ होतं. "थांब," ते म्हणाले, "देवाले घाई नसते. मिरग सरू दे." मृग नक्षत्र संपेपर्यंत थांबायचं ठरलं.

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. बोडीत पहिलं नवं पाणी आलं की घरच्या बाईने गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी घरी आणायचं, देवापुढे ठेवायचं आणि मग घरात जे जे वाढायला हवं आहे त्याच्यावर थोडं थोडं शिंपडायचं. तुळशीवर, बियाण्याच्या धानावर, गाभण गाईच्या पाठीवर, लहान मुलं असली तर त्यांच्या डोक्यावर. माझ्याही डोक्यावर, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, पडलं होतं. मी तेव्हा अंग चोरलं होतं. नंतर नंतर मी त्या दिवसाची वाट पाहू लागले.

तर त्या साली पाऊस आला, बोडीत पाणी साचलं. तुमच्या आईचा दहावीचा निकाल लागला आणि चांगला लागला. आणि एका सकाळी भाजलेल्या मातीच्या मडक्यातही उलटे पोहणारे किडे दिसले.

पणजोबांनी ते पाहिलं. मला वाटलं होतं ते आनंदाने सगळ्यांना हाक मारतील. तसं काही केलं नाही त्यांनी. ते तिथेच ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि हळू म्हणाले, "पाह्य माय. टाकला नं त्यानं." आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. डोळे भरले होते. आयुष्यभर जे पोथीत वाचलं ते आपल्या ओसरीत घडलं, असं त्यांना वाटत होतं.

तुमच्या आईने फडकं सोडून हातात घेतलं होतं. ते तिने मला दाखवलं नाही, पण मी पाहिलं. कापडावर हळदीचा डाग होता आणि कुंकवाचे दोन कण विणीत अडकलेले होते. तिनेही ते पाहिलं. तिने आत चुलीकडे पाहिलं, तिथे तिची आजी भाकरी थापत होती. मग ते फडकं तिने मुठीत घेतलं, विहिरीवर नेलं आणि धुऊन वाळत टाकलं. कोणालाच काही बोलली नाही. मीही बोलले नाही. बोलायचं तर तिने बोलायचं होतं, मडकं तिचं होतं. आणि ती बोलली असती तर सगळ्यांसमोर पणजीची फजिती झाली असती.

पणजोबांनी तुमच्या आजोबांना आणि मला सांगितलं की पोरगी साकोलीलाच शिकेल. शहापूरला बहिणीला कळवायचं माझ्या हातून होत नव्हतं. आज करू, उद्या करू, करत होते.

मग रविवार आला. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो, पणजी वाढत होती. तुमच्या आजोबांनी साकोलीच्या कॉलेजात कधी जायचं ते विचारलं. पणजी वाढता वाढता थांबली.

"साकोलीले काहून? शहापूरले जाऊन राहिली होती नं ते?"

पणजोबा म्हणाले की तसं ठरलं होतं, पण मडक्यात जीव आला, म्हणून आता नाही.

"जीव आला म्हनून नाई?" पणजीला काही समजेना. "अवो, जीव यावा म्हनून तं मी नवं पानी टाकलं त्याच्यात."

ती आपलं सांगत राहिली. एक मडकं भरलं, एक रिकामं राहिलं. लेकराने एवढी मेहनत करून माती भाजली, आणि तिचंच मडकं वांझ राहावं, हे काही बरं नव्हतं. घट बसवतो तसं तर दिसत होतं ते. हात लावू नका म्हटलं होतं, तर तिने हात लावलाच नव्हता. फडक्यावरून हळद-कुंकू वाहिलं होतं आणि वरूनच गडव्याने पाणी सोडलं होतं. "मले वाटलं, दोन्ही मडक्यात जीव आला म्हंजे पोट्टी जाईन."

आधी तुमच्या आजोबांना हसू फुटलं. मग मला. मग पणजीही हसू लागली, कशाला हसायचं ते न कळता. पणजोबा हसले नाहीत. त्यांचं पान तसंच राहिलं. ज्याला देवाची खूण समजून त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं होतं, ते बायकोने गडव्याने ओतलेलं होतं. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी नातीला विचारलं, "तुले माहीत होतं?"

तिने मान हलवली.

"कवापासून?"

"त्याच दिवशी. फडक्याले हळद होती."

"मंग काहून नाई बोलली? तुह्या शिक्षनाचा सवाल होता."

ती खाली पाहत म्हणाली, "आजीनं माह्या भल्यासाठी टाकलं होतं. अन् आबाजी, तुमी रडून राहिले होते."

पणजोबा उठले, हात धुतले, आणि तसेच बाहेर निघून गेले. मला वाटलं रागावले. ते बोडीकडे गेले होते, असं नंतर कळलं. परत आले ते कोरड्या मातीचं ढेकूळ घेऊन. वरच्या बांधाच्या आडोशाला, जिथे पाणी अजून चढलं नव्हतं, तिथलं. ते त्यांनी पणजीसमोर ठेवलं आणि म्हणाले, "भाज. आपल्याच हातानं भाज. अन् मंग त्याच्याकडं पाहूही नको." मग माझ्याकडे वळून, नेहमी दिवा लागल्यावर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुह्या बहिनीले कळव. पोरगी येऊन राहिली म्हन."

मी म्हटलं, मामाजी, पण मडक्याचं अजून ठरायचं आहे.

"मडक्याचं मी पाहीन," ते म्हणाले. "माह्या भेवाचं कारन मडक्यात नव्हतं. पुतन्यानं बापाले हारवलं अन् हासला. ह्या पोरीनं जिंकलेलं झाकून ठेवलं. ते कोठंही जाऊ दे, घरचीच राह्यते."

तुमची आई गेली. शहापूरहून भंडाऱ्याला बसने जायची. पहिले काही आठवडे रडली, मग रुळली. इकडे पणजीने भाजलेली ती माती उकळलेल्या पाण्यासोबत नव्या मडक्यात घातली, फडकं बांधलं, आणि पणजोबांनी ते मडकं उचलून आपल्या खाटेजवळ नेलं. पावसाळाभर ते रोज सकाळी आंघोळ, पूजा झाली की फडकं न सोडता, उजेडाकडे तोंड करून, कापडातून आत पाहत. देवळात कोणी विचारलं तर म्हणत, माझं सायन्स चालू आहे. पोळ्याला तुमची आई घरी आली तेव्हा त्यांनी तिला बूटसुद्धा काढू न देता खाटेजवळ नेलं. पाणी नितळ होतं, तळाशी माती बसलेली. दुसरं काही नव्हतं.

"नाई आलं काही," ते म्हणाले. "तू म्हनत होती तेच खरं. अंड्यातूनच येते." मग लगेच, "पन पहिलं अंडं? ते कोनं टाकलं?"

तिने कॉलेजात शिकलेलं सगळं आठवून पाहिलं असणार. मग म्हणाली, "ते कोनालेच अजून पक्कं नाई माहीत, आबाजी."

त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला. पहिल्या अंड्यापुरती देवाला जागा राहिली म्हणून तो आनंद होता, की नात खोटं बोलली नाही म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या श्रावणात पोथी वाचताना बोडीची ती गोष्ट त्यांनी बदलून सांगितली. दरसाल देव नवा जीव टाकतो असं म्हटलं नाही. म्हणाले, त्याने एकदाच टाकला आणि मग माती तो जपून ठेवते. देवळातल्या काही म्हाताऱ्यांना ते रुचलं नाही. एक जण म्हणाला, सुनेनं सासऱ्याले बिघडवलं. पणजोबा म्हणाले, "सुनेनं नाई, बायकोनं."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी कोणत्या बाजूची?

जग कसं झालं, जीव कसा वाढत आला, हे विज्ञान जास्त चांगलं सांगतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. ते चुकलं तर दुसरं मडकं मांडता येतं, आणि मांडणारा पोथी वाचणारा असला तरी चालतं. श्रद्धेने दिलेलं उत्तर तसं तपासता येत नाही. अगदी पहिली सुरुवात कशी झाली, हे मात्र मला माहीत नाही, आणि माझ्या हयातीत कळेल असं दिसत नाही. त्याचं मला दुःख नाही.

पण मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावते, हे तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे. धाकट्याने विचारलंही होतं की तुझा विश्वास नाही तर लावतेस कशाला. मला आभार मानायचे असतात म्हणून लावते. मला नोकरी करू देणारे सासरे मिळाले. हरण्याची लाज न बाळगणारा म्हातारा पाहायला मिळाला. माझ्या लेकीचं मडकं रिकामं राहू नये म्हणून हळद-कुंकू वाहणारी सासू मिळाली. हे सगळं कशातून आलं त्याची कारणं शोधली तर सापडतीलही. तरी हात जोडावेसे वाटतात, आणि ते भिंतीला जोडण्यापेक्षा दिव्याला जोडलेले बरे. धाकट्याला सांगा, एवढीच त्याची बाजू मी घेऊ शकते. मोठीला सांगा, उरलेली सगळी तिची.

पणजोबा आणि पणजी आता नाहीत. ते घर पाडून तिथे सिमेंटचं झालं, शेताच्या वाटण्या झाल्या. बोडी आहे. गाळाने उथळ झाली आहे, पण अजून बुजलेली नाही, आणि खालच्या खाचरांतल्या धानाला शेवटचं पाणी अजून तिचंच मिळतं.